एकतीस नोव्हेंबर

बार्शीटाकळीच्या शिवारात एक होती पार्बताबाई. तिची एक होती लेक, वर्षाली. आणि एक होता तिचा नवरा नत्थुजी. पण तो होता की नव्हता, हेच बारा वर्षं कोणाला सांगता येत नव्हतं. चौथा सहदेव, अकोल्याचा घडीसाज. जे घडलं ते त्याच्या डोळ्यांसमोर घडलं, आणि तो काही गप्पा हाणणाऱ्यातला माणूस नव्हे. चाळीस वर्षं लोकांच्या घड्या उघडल्या, पण कोणाच्या घडीतला चांगला पुर्जा काढून हलका बसवला नाही. तेव्हा तो मोठा लाइट बंद करा, पोरांनो, जवळ सरका आणि ऐका.

नत्थुजी माळ्याघरचा. विहिरीखालचं दोन एकर, त्यात झेंडू आणि वांगी. दोन हजार बारा सालची गोष्ट. नोव्हेंबरची तीस तारीख, शुक्रवार. धारणीकडच्या कोणा लग्नघरानं फुलं सांगितली होती. जीपमध्ये झेंडूचे पोते टाकून नत्थुजी निघाला. वाटेत अकोल्याला सहदेवच्या टपरीसमोर उतरला आणि मनगटावरची घडी काढून त्याच्या हातात दिली. चाबीची घडी, वार-तारीख दाखवणारी.

"हे पाहा न, सहदेवभाऊ. बाकी ठीक चालते, पन महिना सरला का हिचं डोकं फिरते. सप्टेंबर तीसचा, हे एकतीस दाखवे. आता उद्या पाहा, नोव्हेंबरचीबी एकतीस दाखवन."

सहदेव हसला. "अरे बाबू, घडी चांगली हाये. तिले महिना समजत नाई. ते एकतीसपर्यंत मोजते अन् एकावर येते. तीसचा महिना सरला का आपल्या हातानं तारीख पुढं घ्या लागते."

"म्हंजे खराब नाई?"

"नाई. पन तेल सुकलं हाये. ठेवून जा. परवा ने."

नत्थुजी जीपमध्ये चढता चढता म्हणाला, "तुमच्या घडीत एकतीस नोव्हेंबर हाये न? त मी एकतीस नोव्हेंबरलेच येतो घ्याले!"

जीपवाला हसला, सहदेवही हसला. जीप निघाली.

फुलं लग्नघरी पोचली. पोते उतरवून जीपवाला दुसऱ्या भाड्याला निघून गेला. नत्थुजी परत आला नाही.

पोलिसात झालं, दवाखाने झाले, घाटाच्या खालच्या नाल्यांत पाहून झालं. पार्बताबाई पहिलं वर्षभर रस्त्याकडे पाहायची. मग पाहणं सुटलं. पण कुंकू लावायचं तिनं सोडलं नाही आणि रडलीही नाही. सकाळी फुलं तोडायची, दुपारी माळा करायच्या, रात्री ताट वाढायचं. विचारलं तेवढं बोलायची. आत कोणी राहत नाही अशा घरासारखी ती झाली.

आता बारा वर्षं भरली. आपल्यात रिवाज असा, की बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. मग पळसाच्या देठांचा आणि पानांचा माणसाएवढा पुतळा बांधायचा, त्याला पिठानं लिंपायचं, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि माणूस समजून जाळायचा. नत्थुजीचा भाऊ देवीदास ह्यानं एक डिसेंबर ठरवला, रविवार, अमावस्येचा दिवस. घाई होती. वर्षालीचं लग्न शेंदूरजनाघाटच्या संत्रेवाल्यांच्या घरी जुळलं होतं, जानेवारीची सोळा तारीख. पत्रिका प्रेसमध्ये अडून पडली होती. बापाच्या नावासमोर 'श्री.' छापायचं की 'कै.'? पार्बताबाईला विचारलं की ती फुलाच्या परातीत पाहायची. पुतळ्यालाही ती होय म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. पोराकडचे दोनदा फोन करून म्हणाले होते, ज्या घरचं काही पक्कं नाही तिथं आम्ही वऱ्हाड कसं आणावं?

तीस नोव्हेंबरला, शनिवारी, देवीदासचा सहदेवला फोन आला.

"घडीसाज, बारा वर्सं लागते काय हो एक घडी दुरुस्त कराले?"

"घ्याले आलं कोन?" सहदेव बोलून गेला.

"उद्या पुतळा जाळतो," देवीदास म्हणाला. "त्याच्या अंगावरचं काई तरी लागते सोबत. कपडे वहिनीनं कवाच वाटून टाकले. तुमच्यापाशी घडी हाये, थे घेऊन या."

घडी टपरीच्या खालच्या खणात होती, कागदी पुडीत. वर सहदेवच्याच हातचं नाव. तेल दिलेलं, काच पुसलेली, पण बंद. बारा वर्षांत त्यानं तिला एकदाही चाबी दिली नव्हती. का दिली नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं पुडी खिशात टाकली आणि संध्याकाळची बस धरली. देऊन परत यायचं, एवढंच काम होतं.

घर शेतातच, स्लॅबचं, पुढे टिनाची पडवी. पार्बताबाईनं पाणी दिलं. मग घडी तळहातावर घेऊन पाहत राहिली.

"बंद हाये."

"चाबी नाई देल्ली, बाई."

"चालू करून द्या. बंद घडी त्याईच्या हाताले बांधू देनार नाई मी."

बारा वर्षांत आईनं एवढं सरळ काही मागितलेलं वर्षालीला आठवत नव्हतं. ती जवळ येऊन बसली. सहदेवनं चाबी दिली. घडी चालू झाली, जराही अडली नाही. मग त्यानं बटन एक खटका बाहेर ओढलं आणि तारीख फिरवली. एकोणतीसवर आणून थांबला.

"काका, आज तीस हाये न? सरळ तीस काहून नाई लावत?"

"सरळ तीस लावली अन् काटे साडेसातवर आनले, त थे साडेसात सकाळचे का रातचे, हे घडीले काय मालूम? मंग भर दुपारी तारीख बदलते. म्हनून आदल्या दिवसाची लावाची." त्यानं बटन दुसरा खटका ओढलं आणि काटे पुढे फिरवत नेले. बारावर येताच खिडकीतली तारीख सरकून तीस झाली. "पाह्य. हे झाले रातचे बारा. आता इथून पुढं सकाळ, दुपार, अन् हे साडेसात." मग वार लावला. शनि.

"उद्या काय दाखवन?" पार्बताबाईनं विचारलं.

सहदेवच्या तोंडचं पाणी तेव्हाच पळायला हवं होतं. पण सवयीनं तो बोलून गेला, "उद्या एकतीस दाखवन. एक तारखेवर हातानं घ्या लागते."

"मंग रातीच घेऊन द्या. बारा वाजले का."

"रातच्या नऊ ते तीनमंधात तारखेले हात लावाचा नसते, बाई. त्या टायमाले घडीचे दातेच तारीख ढकलून राहिले असते. आपुन मधात फिरवली का दाता तुटते. माह्या वस्तादानं पयल्या दिवशी हेच सांगतलं होतं."

"म्हंजे बारापासून तीनपर्यंत एकतीसच रायते."

"रायते."

आणि मग सहदेवला ते आठवलं. बारा वर्षं कोणाला न सांगितलेलं. जीपमध्ये चढताना नत्थुजी काय म्हणाला होता ते. त्यानं सांगितलं. सांगताना हसून सांगायला गेला, हसू आलं नाही.

पार्बताबाईनं ऐकून घेतलं. "असं म्हनले?"

"गंमतीनं, बाई."

"हो." ती उठली. "जेवून घ्या, भाऊ. बस त गेली. तीन वाजता मी उठवीन तुमाले, मंग एक तारीख लावजा."

पळसाचे देठ टाकायला आलेला देवीदास गावात आपल्या घरी गेला. पडवीत देठांच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या, सकाळच्या बांधणीसाठी. सहदेवची खाट आतल्या बाजूला, दाराशेजारी. वर्षाली पांघरूण द्यायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "काका, प्रेसवाल्याचा आजबी फोन आला. मी त म्हनलं, नाव काढूनच टाका बाबाचं. मंग आईकडं पाह्यलं…" आतल्या खोलीत जाऊन झोपली.

पार्बताबाई झोपली नाही. भिंतीला टेकून बसली. घडी समोर, पाटावर. दाराच्या वर बारका पिवळा बल्ब.

सहदेव पडून होता. अकरा वाजले. साडेअकरा. त्या शांततेत घडी स्पष्ट ऐकू येत होती. पावणेबाराला तो उठून पाटापाशी बसला. बारक्या खिडकीत तीसचा आकडा वर सरकला होता. खालून दुसरा येत होता. अर्धा हा, अर्धा तो.

मग सरकला.

एकतीस.

दोघांनी पाहिलं.

सव्वाबाराला विहिरीवरची मोटर सुरू झाली. शेतीची लाइन आठवडाभर रात्रीचीच येत होती. "लाइन आली," पार्बताबाई म्हणाली. बरोबरच होतं. लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते. पाणी दांडातून झेंडूत पडायला लागलं, त्याचा आवाज इथवर येत होता. सहदेवला जरा बरं वाटलं. चालत्या पाण्याचा आवाज घरचा असतो.

मग आवाज बदलला.

पाणी एका वाफ्यात पडत होतं. ते थांबलं. दुसऱ्यात पडायला लागलं. मधे फावड्याचा एक घाव. ओल्या मातीचा. मग पुन्हा पाणी.

पाणी आपोआप वाहतं, पोरांनो. आपोआप वळत नाही.

"देवीदास आला वाट्टे," सहदेव म्हणाला.

पार्बताबाई कान देऊन होती. मग म्हणाली, "देवीदासभाऊ दोन घाव मारते. हे एका घावात दांड फोडून राहिले."

एक वाजला. वाफा भरत होता. फावडं पडत होतं. एक घाव. पुन्हा पाणी. जणू रोजचं काम. दीड वाजला. ओळीनं वाफे घराकडे येत होते. सहदेव मोजत होता. मोजणं थांबवता येत नव्हतं.

दोनला मोटर बंद झाली.

पडवीबाहेरच्या टाक्यापाशी कोणी तरी पाय धुतले. आधी एक. मग दुसरा. पाण्याचा गडवा टाक्यावर उलटा ठेवल्याचा आवाज.

मग काही नाही.

सहदेवला वाटलं, उठून वर्षालीला हाक मारावी. भीती वाटत होती असंही नाही, असं तो पुढे सांगायचा. हातपाय आपले नव्हते, एवढंच.

पार्बताबाई उठली. घडी उचलली. दार उघडलं. घडी उंबरठ्यावर ठेवली आणि दोन पावलं मागे येऊन उभी राहिली.

बल्बचा उजेड उंबरठ्याच्या एक हात पलीकडे जात होता. त्याच्यापुढे काळोख. त्या काळोखातून एक हात उजेडात आला. कोपरापर्यंत. डावा. ओला. उन्हानं काळा पडलेला. मनगटावर मात्र एक पांढरा पट्टा होता, घडी बांधायच्या जागेवर. कालच घडी काढून ठेवावी तसा पांढरा.

पार्बताबाई म्हणाली, "जेवले?"

…

"कुठी होते?"

…

बाहेर पाणी मातीत जिरत होतं. तेवढंच ऐकू येत होतं.

"पोरीचं लगन हाये," ती म्हणाली. सपाट आवाजात. भाजीचा भाव सांगावा तशी. "पत्रिका छापाची हाये. तुमच्या नावासमोर काय लिऊ?"

हातानं घडी उचलली.

उजेडातून मागे गेला.

मग सहदेवला ऐकू आलं. चाळीस वर्षांचा कान त्याचा. बटन ओढल्याचा खटका. एकच. एक खटका म्हणजे वेळ नाही. तारीख.

त्याला ओरडावंसं वाटलं, नका… ह्या टायमाले नका… दाता तुटते… ओठ हलले नाहीत.

एक.

दोन.

तीन.

चार.

थांबलं. मग उलट्या बाजूनं. त्या बाजूनं वार फिरतो. एक. दोन.

बटन आत बसलं.

हात पुन्हा उजेडात आला. घडी उंबरठ्यावर ठेवली. हळू, काच वर करून. आणि गेला. पावलं वाजली नाहीत.

पार्बताबाई उभीच होती. सहदेव बसलेलाच होता. घडी चालू होती.

किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. मग ती म्हणाली, "तीन वाजले, भाऊ. लावा एक तारीख."

त्यानं घडी उचलली. भिंग लावलं. एकही दाता तुटला नव्हता. काटे तीनवर, बरोबर. खिडकीत एकतीस नव्हतं.

चार. मंगल.

"आज त रविवार हाये," तो म्हणाला. "लावू काय एक?"

"नको. राहू द्या."

उजाडल्यावर वर्षालीनं मोबाइलमध्ये बारा वर्षांमागचं कॅलेंडर काढलं. कोणी सांगितलं नव्हतं, आईनं फक्त विचारलं होतं, की त्या सालच्या डिसेंबरची चार तारीख कोणत्या वारी येत होती. पोरगी म्हणाली, "मंगळवार. काहून, आई?"

नत्थुजी घरून गेला तो शुक्रवारी. म्हणजे त्यानंतर चार दिवस तो कुठे तरी होता. मंगळवारपर्यंत.

पार्बताबाई देव्हाऱ्यापाशी गेली. तिथल्या आरशात पाहून तिनं कपाळाचं कुंकू पदरानं पुसलं. कोणी पुसायला लावलं नाही. मग लेकीला म्हणाली, "प्रेसवाल्याले फोन लाव. कै. म्हन."

वर्षालीनं फोन लावला.

देवीदास भटजींना घेऊन आला तेव्हा वावरातूनच ओरडत आला, "वहिनी, रातभर पानी धरलं काय तुमी? सारे वाफे भरले! अन् आमाले म्हनता कंबर दुखते!" कोणी हसलं नाही. भटजींनी विचारलं, निधन कधीचं धरायचं? पार्बताबाईनं तारीख सांगितली. वारही सांगितला. देवीदासनं सहदेवकडे पाहिलं. सहदेवनं मान खाली घातली.

पुतळा बांधला. पीठ लिंपलं. डाव्या हाताच्या देठांना घडी बांधली, तशीच, चार तारीख दाखवणारी. पळसाची पानं हिरवी होती, तरी एकदम पेटली.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला सहदेवही आला. का आला, हे त्याला कोणी विचारलं नाही. पळसाची राख हलकी असते, हात लावला की उडते. आधी नारळाची कवटी निघाली. मग देवीदास घडी शोधायला लागला. पट्टा जळला असेल, काच तडकली असेल, पण लोखंडाची डबी कुठे जाते? राख दोनदा चाळली. जागा खरवडली. घडी नव्हती. तिचा एक काटाही नव्हता.

जिथं पुतळ्याचा डावा हात होता, तिथं काही तरी पांढरं होतं. बोराएवढं. पार्बताबाईनं ते उचललं, पदरानं पुसलं आणि सहदेवपुढे हात केला.

"तुमचं भिंग लावून पाहा, भाऊ."

सहदेवनं भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग काढून खिशात ठेवलं.

"महाराज," देवीदासनं भटजींना हळूच विचारलं, "पळसाले हाड रायते काय हो?"

भटजींनी डोळे मिटून हात जोडले.

पार्बताबाईनं मूठ मिटली. मूठ छातीशी धरली. खाली बसली. आणि बारा वर्षांत पहिल्यांदा, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं रडली. वर्षालीनं तिला कवेत घेतलं. मग दोघी रडल्या. देवीदास तोंड फिरवून उभा राहिला. तिला कोणी थांबवलं नाही. दुपारपर्यंत रडली, मग तिथंच बाभळीखाली तिला झोप लागली, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत ती उठली नाही.

ते पांढरं काय होतं ते त्यांनी पूर्णेत सोडलं. माणूस पोचवायला नदीवर जातात तसे गेले, आंघोळ करून घरी आले. सोळा जानेवारीला वर्षालीचं लग्न झालं. मांडवभर झेंडू घरचाच होता. त्या साली त्या वावरात जसा फुलला तसा कधी फुलला नव्हता. पोरगी आता शेंदूरजनाघाटला सुखात आहे, आणि पार्बताबाई नातवाला तेल लावायला तिथं महिना महिना राहते, हसते, जावयाची टिंगल करते, रात्री दिवा मालवला की झोपते.